दोन हंगामांच्या सांध्यावरची लढत

१९८२ साली ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला आणि एकही सामना न गमावता परतला. १९८६ मध्ये त्यांचा पुढचा संघ आला, त्यानेही तेच केले. क्रिकेटप्रमाणे या खेळातही ॲशेस आहे आणि ग्रेट ब्रिटनने ती शेवटची जिंकली १९७० मध्ये. ज्या बेटावर हा खेळ जन्मला तिथल्या लोकांनी तोवर मनाची समजूत घालून घेतली होती, की आता ऑस्ट्रेलियाचा हात धरणारा कोणी नाही. आणि मग १९८७ च्या ऑक्टोबरात लँकेशरमधल्या विगन या गावच्या क्लबने सिडनीचा विजेता क्लब मॅन्ली याला हरवले. दोन वर्षांनी विडनेसने कॅनबेराला हरवले, आणखी दोन वर्षांनी विगनने पेनरिथला. देश हरत होता आणि गावे जिंकत होती. या विसंगतीची दोन उत्तरे तेव्हापासून आजपर्यंत दिली जातात. ऑस्ट्रेलियात म्हणतात, आम्ही हे सामने मनावर घेतलेच नव्हते, हंगाम संपल्यावरची ती सहल होती. इंग्लंडच्या उत्तरेत म्हणतात, आमचे क्लब खरोखरच जगात सर्वांत भारी होते. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही एकाच गैरसमजातून निघतात. वर्ल्ड क्लब चॅलेंज या नावाने ओळखला जाणारा हा सामना दोन देशांच्या खेळाचा निवाडा करतो, असे दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे असे, की या सामन्यात दोन्हीकडच्या फक्त माथ्यांची गाठ पडते आणि तीही एका विशिष्ट तारखेला. तारीख बदलली की निकालाचा कल बदलतो आणि माथ्याखालचा डोंगर किती रुंद आहे ते या सामन्यात दिसतच नाही. इंग्लंड कमी पडत आले ते त्या रुंदीत.

आपल्याकडे रग्बी म्हटले की बहुधा रग्बी युनियन. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात खेळतात ते तेच. रग्बी लीग हे त्याचे घर सोडून निघालेले भावंड. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशर आणि लँकेशरमधल्या क्लबांची बैठक भरली आणि त्यांनी रग्बीच्या लंडनकर धुरीणांशी काडीमोड घेतला. भांडण पैशाचे होते. गिरणीत, खाणीत शनिवारीही पाळी असे. सामन्यासाठी ती बुडवली तर मजुरी जाई. ती बुडीत मजुरी, दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत, क्लबने भरून द्यावी एवढीच मागणी होती. ज्यांना मजुरी करावी लागत नव्हती त्यांना त्यात खेळाचे पावित्र्य भंगताना दिसले. वेगळे झाल्यावर उत्तरेकडच्यांनी खेळही बदलला: पंधराचे तेरा खेळाडू केले, चेंडू बाजूला गेल्यावरची रांग रद्द केली, पकडला गेलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो अशी रीत आणली. पुढे चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे सहा वेळा पकडले जाण्याची, मुदत मिळाली. षटकाचे चेंडू मोजावेत तसे प्रेक्षक त्या मोजतात. ऑस्ट्रेलियात हे लोण १९०७ मध्ये पोचले, कारणही तेच. जायबंदी झालेल्या मजूर खेळाडूचा दवाखान्याचा खर्च कोण देणार, या प्रश्नावर सिडनीत फूट पडली आणि १९०८ पासून तिथली स्पर्धा सुरू झाली. तिच्या संस्थापकांत व्हिक्टर ट्रम्पर होता, हे आपल्या क्रिकेटवेड्यांनाही सहसा ठाऊक नसते. म्हणजे दोन्हीकडचा खेळ एकाच वर्गाचा, एकाच तक्रारीतून उभा राहिलेला, फरक ऋतूंचा. हिवाळ्यात खेळायचा खेळ, म्हणून इंग्लंडमध्ये तो सप्टेंबर ते मे आणि ऑस्ट्रेलियात मार्च ते सप्टेंबर. एकाचा हंगाम संपतो तेव्हा दुसऱ्याचा ऐन भरात असतो. देशांचे संघ चार-चार महिन्यांचे दौरे काढून या अडचणीवर मात करत. क्लबला ते शक्य नव्हते. त्याचे खेळाडू आठवडाभर कामावर जात आणि त्याची तिजोरी घरच्या मैदानावरच्या तिकिटांवर चाले. म्हणून जवळपास सत्तर वर्षे दोन्हीकडचे विजेते एकमेकांशी खेळलेच नाहीत.

पहिला प्रयत्न १९७६ चा. २९ जून रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर ईस्टर्न सबर्ब्सने सेंट हेलेन्सला २५-२ असे लोळवले. ईस्टर्न सबर्ब्स १९७४ आणि १९७५ चे विजेते. प्रशिक्षक जॅक गिब्सन, कर्णधार आर्थर बीटसन, दोघेही त्या खेळातली दंतकथा बनलेली माणसे. सेंट हेलेन्सने त्या वर्षी चॅलेंज कप आणि प्रीमियरशिप या बाद फेरीच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या, पण लीगचे विजेतेपद सॅलफर्डकडे होते. शिवाय लांबलचक हिवाळा खेळून, वर वयाची तिशी ओलांडलेले कितीतरी खेळाडू घेऊन हा संघ विमानात बसला होता. समोरचा संघ हंगामाच्या मध्यावर, रसरशीत. या निकालावरून कोणी काही निष्कर्ष काढला नाही आणि ते बरोबरच होते. पण एक गोष्ट तेव्हाच दिसायला हवी होती. पाहुणा संघ दमलेला आणि यजमान ऐन भरात, अशी तारीख ठरली की अर्धा सामना तिथेच संपतो.

अकरा वर्षांनी हेच गणित उलटे मांडले गेले. ७ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री विगनच्या सेंट्रल पार्कवर अधिकृत आकड्यानुसार ३६,८९५ माणसे जमली होती. विगनचे पदाधिकारी मॉरिस लिंडसे यांनी मॅन्लीला आवतण देऊन बोलावले होते. अंगात धाडस आणि गाठीला थोडी मस्ती असलेला हा माणूस पुढे इंग्लंडच्या सगळ्या रग्बी लीगचा कारभारी झाला. सामना दिसायला देखणा नव्हता. एकही ट्राय झाला नाही, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे कोणालाच जमले नाही. विगनचे आठही गुण डेव्हिड स्टीफन्सनच्या चार पेनल्टी किकचे, मॅन्लीचे दोन मायकेल ओकॉनरच्या एका किकचे. मारामाऱ्या झाल्या. जो लिडनवर उशिरा घातलेल्या कोपराबद्दल मॅन्लीच्या रॉन गिब्सला पंचांनी बाहेर काढले. सामनावीर ठरला शॉन वेन, विगनच्याच मातीतला, आघाडीच्या फळीतला एक दांडगा खेळाडू, जो पुढे याच क्लबचा आणि त्यानंतर इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. ही सहल होती म्हणणाऱ्यांनी या ऐंशी मिनिटांचे चित्रण पाहावे. सहलीला आलेला माणूस कोपर मारून बाहेर जात नाही आणि पिछाडीवर असताना शेवटच्या मिनिटापर्यंत गोलरेषेवर धडका देत राहत नाही. मॅन्लीला जिंकायचे होते. त्यांना काय नडले, ते कळण्यासाठी पंचांग काढावे लागते.

मॅन्लीने सिडनीतला अंतिम सामना जिंकला २७ सप्टेंबरला. विगनला ते दहाव्या दिवशी खेळले. कॅनबेरा रेडर्सने बालमेनविरुद्धचा तो गाजलेला जादा वेळेचा अंतिम सामना २४ सप्टेंबर १९८९ ला जिंकला आणि ४ ऑक्टोबरला, पुन्हा दहाव्या दिवशी, ते मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर विडनेससमोर उभे होते. पेनरिथने आपले पहिलेवहिले विजेतेपद २२ सप्टेंबर १९९१ ला मिळवले आणि २ ऑक्टोबरला, तिसऱ्यांदा दहाव्या दिवशी, लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर विगनने त्यांना २१-४ असे गुंडाळले. दहा दिवसांत काय काय बसवायचे? जल्लोष, मिरवणूक, सत्कार, सिडनी ते मँचेस्टर एवढा प्रवास, उलटलेले दिवस-रात्र आणि मग सामना. ओल्ड ट्रॅफर्डवर तर कॅनबेराने सुरुवातीलाच १२-० अशी आघाडी घेतली होती. मॅल मेनिंगा, लॉरी डेली, रिकी स्टुअर्ट असा तो संघ. कोणत्याही काळातल्या उत्तम क्लबसंघांत त्याची गणना होते. पण पुढे पायांतले बळ सरले आणि मार्टिन ओफायाच्या पळण्याला कोणाकडे उत्तर राहिले नाही. विडनेस ३०, कॅनबेरा १८. आता १९९२ पाहा. ब्रिस्बेन ब्रॉन्कोजने आपला अंतिम सामना २७ सप्टेंबरला जिंकला, पण विगनशी त्यांची गाठ पडली ३० ऑक्टोबरला, तेहतिसाव्या दिवशी. मध्ये वेंब्लीवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता आणि त्यात दोन्ही क्लबांचे खेळाडू आपापल्या देशांकडून खेळले होते. विश्वचषक जिंकून देणारा ट्राय ब्रॉन्कोजच्याच स्टीव्ह रेनूफचा. वेन बेनेट यांच्यासारखा शिस्तीचा प्रशिक्षक, ॲलन लँगरसारखा कर्णधार आणि तयारीला पुरेसा वेळ मिळालेला संघ: सेंट्रल पार्कवर ब्रॉन्कोज २२-८ ने जिंकले. ब्रिटनमध्ये येऊन हा सामना जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन क्लब. दहा दिवसांत तीन पराभव आणि तेहतीस दिवसांत एक विजय. चार सामन्यांवरून सिद्धांत बांधू नये हे खरे, पण चारही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तिकडे बघायला हरकत नसावी.

इथवर ऑस्ट्रेलियन बाजू खूश असेल. त्यांच्यासाठी १९९४ आहे. १ जून १९९४ रोजी विगन ब्रिस्बेनला गेले आणि ५४,२२० प्रेक्षकांसमोर ब्रॉन्कोजना त्यांच्याच घरी २०-१४ असे हरवून आले. १९७६ चे गणित जसेच्या तसे लागू होते: दमलेला इंग्लिश पाहुणा, हंगामाच्या मध्यावरचा यजमान. विगनचा हंगाम संपून, म्हणजे प्रीमियरशिपचा अंतिम सामना होऊन, दहाच दिवस झाले होते. तोच तो दहाचा आकडा, पण आता दुसऱ्याच्या नशिबी. एप्रिलच्या शेवटी वेंब्लीवर चॅलेंज कप जिंकल्यानंतर क्लबने प्रशिक्षक जॉन डोराही यांना घरी पाठवले होते आणि ग्रेम वेस्ट घाईघाईने त्यांच्या जागी आले होते. काही मोठे खेळाडू जायबंदी होते. दोनच दिवसांपूर्वी एकोणीस वर्षांचा झालेला अँडी फॅरेल संघात होता. तरीही डेनिस बेट्स, बॅरी-जॉन मॅदर आणि जेसन रॉबिन्सन यांनी ट्राय केले आणि शॉन एडवर्ड्सने खेळाची सूत्रे शेवटपर्यंत सोडली नाहीत. यावरही ऑस्ट्रेलियन आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यातल्या स्टेट ऑफ ओरिजिनचा पहिला सामना २३ मे रोजी झाला होता, दुसरा ८ जूनला होता. ब्रॉन्कोजचे बिनीचे खेळाडू या दोन लढायांच्या मध्ये अडकलेले होते. मान्य. पण मग सबबी दोन्ही पारड्यांत टाकायला हव्यात आणि तशा टाकल्या तर विगनचे पारडे हलके भरत नाही. इंग्लंडचा माथा ऑस्ट्रेलियाच्या माथ्याइतका उंच असू शकतो, याला या एका रात्रीइतका सबळ पुरावा दुसरा नाही.

तो माथा एवढा उंच झाला कसा, हे मात्र विगनच्या चाहत्यांना फारसे बोलायला आवडत नाही. १९८८ ते १९९५ सलग आठ वर्षे चॅलेंज कप विगनकडे होता आणि १९९० पासून सलग सात वेळा लीगचे विजेतेपदही. ज्या काळात इतर क्लबांचे खेळाडू सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी सरावाला येत, त्या काळात विगनने पूर्णवेळ पगारी संघ उभा केला. ओल्ड ट्रॅफर्डवर कॅनबेराला पळवून दमवणारा तो ओफाया १९९२ च्या जानेवारीत विगनने विडनेसकडून ४,४०,००० पौंडांना उचलला. तेव्हाचा तो विक्रम होता. विडनेस हे मर्सी नदीकाठचे रासायनिक कारखान्यांचे छोटे गाव. त्याला अशा बोलीपुढे टिकणे शक्यच नव्हते. याच्या बरोबर उलट, सिडनीच्या लीगने १९९० मध्ये वेतनमर्यादा आणली, म्हणजे कोणत्याही क्लबने खेळाडूंवर अमुक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. तिकडे पैसा आणि गुणवत्ता पसरवली जात होती, इकडे ती एका गावात गोळा होत होती. मग दोन विजेते समोरासमोर आले की विगन बरोबरीने झुंजणार यात नवल काय! आणि त्याच वेळी ग्रेट ब्रिटन हरत राहिले, कारण कसोटीत खेळाडू सगळ्या लीगमधून निवडायचे असतात आणि सगळी लीग विगन नव्हती. इथे कोणी म्हणेल, विगनमध्ये न्यूझीलंडचे फ्रानो बोटिका होते, सॅम पनापा होते, विडनेसमध्ये सोरेन्सन होता. इंग्लिश क्लबांचे विजय हे उसन्या बळावरचे. हा आक्षेप देशाभिमानाच्या चौकटीत बरोबर आहे. पण क्लब म्हणजे देश नव्हे, हेच तर इथे सांगायचे आहे. कॅनबेराचा संघ तरी कॅनबेरात कुठे जन्मला होता? मेनिंगा क्वीन्सलंडमधून आलेला. ज्याला परवडते तो बांधतो, आणि काय बांधले ते या सामन्यात दिसते.

१९९५ मध्ये रुपर्ट मर्डॉक यांनी दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांसाठी हा खेळच विकत घ्यायचे ठरवले. ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांच्या गोटाने विरोध केला. पॅकर म्हणजे सत्तरच्या दशकात क्रिकेटमध्ये हाच उद्योग करून बसलेले. क्लब दुभंगले, कोर्टबाजी झाली आणि १९९७ मध्ये एकाच देशात दोन लीग चालल्या. इंग्लंडने मात्र भांडण केले नाही. पाच वर्षांचे ८ कोटी ७० लाख पौंड घेतले आणि शंभर वर्षांचा हिवाळी हंगाम १९९६ पासून उन्हाळ्यात हलवला. दोन्ही पंचांगे प्रथमच जुळली. या जुळण्यातून १९९७ ची वर्ल्ड क्लब चॅम्पियनशिप निघाली. त्यात मर्डॉक यांच्या दोन्ही लीगचे सगळे बावीस क्लब होते. बारा युरोपचे, दहा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे. गटसाखळीतल्या साठ सामन्यांपैकी युरोपीय क्लबांनी जिंकले आठ. नियमच असे होते की उपांत्यपूर्व फेरीत चार युरोपीय क्लब येणारच. तिथे चारही हरले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ज्यांना कोणी अडवू शकत नव्हते त्या ब्रॅडफर्ड बुल्सना ऑकलंडने ६२-१४ असे चिरडले. विगनला त्यांच्याच सेंट्रल पार्कवर हंटर मरिनर्सने घरी बसवले. मर्डॉक यांच्या लीगसाठी नुकताच जन्माला घातलेला, तिथे मधल्या क्रमांकांत घुटमळणारा आणि वर्षअखेर गुंडाळलेला हा क्लब. ऑकलंडमधल्या अंतिम सामन्यात ब्रिस्बेनने मरिनर्सना ३६-१२ ने हरवले. दोन्ही गोलार्धांतल्या रिकाम्या खुर्च्यांसमोर कोट्यवधींचा खड्डा पडला आणि ही स्पर्धा पुन्हा झाली नाही.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत मोठा अडथळा हाच. दोन्हीकडे हंगाम चालू, दोन्हीकडे सराव पक्का, अर्धे सामने इकडे, अर्धे तिकडे. तारखेची सबब कोणालाच नाही. आणि निकाल साठात आठ. विरोधक विचारेल, खरे मोजमाप एवढेच आहे, बाकी सगळी कवित्वाची भर नाही का? अंशतः आहे. रुंदीचे मोजमाप म्हणून १९९७ इतका चोख प्रयोग दुसरा झालेला नाही, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो: इंग्लंडचा दहावा क्लब आणि ऑस्ट्रेलियाचा दहावा क्लब यांच्यात आकाशपाताळाचे अंतर होते. पण त्या वर्षी माथाही खचलेला होता, हे नाकारता येत नाही. ब्रॅडफर्डची ऑकलंडमधली दशा रुंदीने समजावता येणार नाही. एवढेच म्हणता येईल, की माथा एका वर्षात खचतो तसा दोन-चार वर्षांत पुन्हा उभाही राहतो, कारण त्याला पंधरावीस माणसे आणि एक तिजोरी पुरते. पायाला पिढी लागते. १९९७ नंतर नेमके तेच झाले.

२००० पासून सामना दरवर्षी, इंग्लंडमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीत होऊ लागला. पंचांगे जुळल्याचा हा विचित्र परिणाम: दोन्ही हंगाम एकाच वेळी संपतात, एकाच वेळी सुरू होतात, म्हणून विजेत्यांना एकमेकांशी खेळायला उरतो तो मधला रिकामा सांधा. गेल्या वर्षीचा विजेता यंदाच्या बदललेल्या संघानिशी, पहिल्या सरावसामन्याच्या दमसासावर उतरतो. बोल्टनची बर्फाळ थंडी आणि सिडनीचा ऐन उन्हाळा सोडून आलेले पाहुणे. सुरुवातीला मेलबर्नने सेंट हेलेन्सला ४४-६ असे उडवले, पण २००० ते २००९ या दहा सामन्यांचा हिशोब इंग्लंड सात, ऑस्ट्रेलिया तीन असा निघाला. २००१ मध्ये सेंट हेलेन्सने ब्रिस्बेनला २०-१८ ने, तेही दोन ड्रॉप गोलांच्या, म्हणजे चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून मारलेल्या किकच्या, बळावर हरवले. ब्रॅडफर्डने २००२, २००४ आणि २००६ असे तीन विजय नोंदवले. २००५ मध्ये लीड्स आणि सिडनीचा कँटरबरी यांचा ३९-३२ असा गुणांचा पाऊस पाहायला एलंड रोडवर ३७,०२८ लोक आले, १९८७ च्या विगनपेक्षाही थोडे जास्त. हा सरावसामना होता असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे निम्मे कबूल. पण सराव दोघांचाही होता. आणि घरचे मैदान हेच जर सगळे गुपित असते, तर पुढे काय झाले त्याचा उलगडा होत नाही. २०१४ आणि २०१८ वगळता मैदान इंग्लंडचेच राहिले, महिना तोच राहिला, आणि २०१० ते २०२० या अकरा सामन्यांत इंग्लंडचे विजय झाले फक्त दोन, लीड्सचा २०१२ मध्ये आणि विगनचा २०१७ मध्ये.

बदलला होता पैसा. शतकाच्या आरंभी एका पौंडाचे अडीच ऑस्ट्रेलियन डॉलर येत. कारकीर्द उताराला लागलेले, पण अंगात अजून चार-पाच वर्षे शिल्लक असलेले कांगारू खेळाडू इंग्लंडला धावत. दशक संपेपर्यंत पौंड घसरला आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन लीगने प्रक्षेपणाचा पाच वर्षांचा करार शंभर कोटी डॉलरच्या वर नेला. वाहता ओघ उलटा फिरला. सॅम बर्जेस २०१० मध्ये ब्रॅडफर्ड सोडून साउथ सिडनीत गेला, जेम्स ग्रॅहम २०१२ मध्ये सेंट हेलेन्स सोडून कँटरबरीत. इंग्लंडच्या माथ्यावरचे दगडच तिकडच्या बांधकामात बसू लागले. ऑस्ट्रेलियन क्लबही आता लवकर येऊन, हवामानाला सरावून मैदानात उतरू लागले. मध्ये मेलबर्नची ती लाजिरवाणी भानगड घडली. वेतनमर्यादेला चोरवाट काढून दुहेरी हिशेब ठेवल्याबद्दल २०१० मध्ये त्यांची २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेतली गेली. लीड्स त्यांच्याशी २००८ आणि २०१० मध्ये खेळले होते. म्हणजे दोन्ही वेळा समोर उभा असलेला विजेता मागाहून विजेता उरलाच नाही. २०१५ आणि २०१६ मध्ये दोन्हीकडचे तीन-तीन क्लब उतरवून पाहिले, तर सहाही सामने ऑस्ट्रेलियाने जिंकले. २०१७ मध्ये दोनच सामने झाले आणि दोन्ही, विगनचा आणि वॉरिंग्टनचा, इंग्लंडने जिंकले, हेही नोंदवले पाहिजे. कल म्हणजे कायदा नव्हे.

रुंदीबद्दल मी जे म्हणतो त्याचा सर्वांत साधा दाखला मात्र या सामन्यांच्या बाहेर, दोन्हीकडच्या विजेत्यांच्या यादीत आहे. इंग्लंडची सुपर लीग १९९६ मध्ये सुरू झाली. २०२४ पर्यंतची एकोणतीस विजेतेपदे चारच क्लबांनी वाटून घेतली: सेंट हेलेन्स, लीड्स, विगन, ब्रॅडफर्ड. ऑस्ट्रेलियातली लढाई मिटून एकत्र लीग झाली १९९८ मध्ये. तिथे त्याच काळात बारा वेगवेगळे क्लब विजेते झाले. मेलबर्नची काढून घेतलेली दोन वर्षे वगळली तरी आकडा बाराच राहतो. चारांच्या यादीतला एक आणि बारांच्या यादीतला एक असे समोरासमोर येतात तेव्हा दोघेही एक-एकच दिसतात. मागे उभे असलेले तीन आणि अकरा कोणाला दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियन लोक या सामन्याला फार किंमत देत नाहीत याचे कारणही मला यातच दिसते. ज्याला आपल्याच घरात अकरा तोलामोलाचे प्रतिस्पर्धी आहेत, त्याला वर्षातली ही एक रात्र जादाची वाटणार. ज्याला घरात तीनच आहेत, तो तिची वाट बघणार.

आणि तरीही माथे भिडले की काहीही होऊ शकते, हे २०२३ आणि २०२४ च्या सामन्यांनी दाखवले. पेनरिथ २०२१ पासून सलग चार वर्षे ऑस्ट्रेलियाचा विजेता. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्याच गावात, फेब्रुवारीच्या उकाड्यात, सेंट हेलेन्स त्यांच्याशी खेळले. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन क्लबची वेतनमर्यादा होती सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, इंग्लिश क्लबची २१ लाख पौंड; म्हणजे पैशाच्या हिशोबात एकास तीन. पण दोन्ही संघ बांधण्याची रीत सारखी होती. पेनरिथने पश्चिम सिडनीतली पोरे घडवली होती आणि सेंट हेलेन्सने जेम्स रोबी, जॉनी लोमॅक्स, जॅक वेल्सबी, लुईस डॉड ही आपल्या परिसरातली. अखेरच्या क्षणी पेनरिथने ट्राय करून आणि नेथन क्लीअरीच्या किकने १२-१२ अशी बरोबरी साधली. मग गोल्डन पॉइंटच्या, म्हणजे पहिला गुण मिळवणारा जिंकतो अशा, जादा खेळात डॉडने ड्रॉप गोल मारला आणि सामना १३-१२ असा संपला. १९९४ च्या विगननंतर ऑस्ट्रेलियात हा सामना जिंकणारा हा पहिला इंग्लिश क्लब. पुढच्या फेब्रुवारीत विगनने घरच्या मैदानावर त्याच पेनरिथला १६-१२ ने हरवले. १९९१, २००४, २०२३, २०२४: ऑस्ट्रेलियात एवढे जिंकलेल्या पेनरिथच्या कपाटात ही एक वस्तू नाही. त्यांच्या लीगचा हंगाम दोन्ही वेळा सुरू व्हायचा होता आणि इंग्लंडचा सुरू झाला होता. हा आठवड्या-दोन आठवड्यांचा फरक गुणफलकावरच्या एका किंवा चार गुणांइतका भरतो का, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. मला तो भरतो असे वाटते, आणि तरी एकास तीन पैशाच्या फरकापुढे तो काहीच नाही असेही वाटते.

२०२४ मध्ये विगन पुन्हा इंग्लंडचे विजेते झाले, पेनरिथ पुन्हा ऑस्ट्रेलियाचे. २०२५ च्या आरंभी या दोघांची गाठ पडायला हवी होती. पण ऑस्ट्रेलियन लीगने आदल्या वर्षापासून आपल्या हंगामाची सुरुवात अमेरिकेत लास व्हेगसला करायला घेतली होती, इंग्लिश लीगलाही त्या वर्षी तिथे जागा मिळाली आणि दोन्हीकडच्या वेळापत्रकांत विजेत्यांच्या सामन्यासाठी फट उरली नाही. १ मार्च २०२५ रोजी लास व्हेगसच्या अलेजायंट स्टेडियमवर विगनने वॉरिंग्टनला ४८-२४ ने हरवले. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, काही तासांनी पेनरिथने क्रोनुलाला २८-२२ ने हरवले. दोन्ही विजेते एका छपराखाली होते, दोघेही जिंकले आणि एकमेकांशी न खेळता आपापल्या विमानांनी परत गेले.